तिसऱ्या रांगेत बसणार कोण?

इलेक्ट्रिक गाडी घ्यायला निघालेल्या घरांत सध्या एक वाद जोरात आहे. पाच सीटची घ्यायची की सातची? या वादात बॅटरी येते, रेंज येते, पार्किंग येतं, मेहुण्याने काय घेतली आणि साडू काय म्हणाला तेही येतं. तिसऱ्या रांगेत नेमकं बसणार कोण, त्या माणसाचं नाव मात्र कुणी घेत नाही. हे नाव घरात ठरल्याशिवाय शोरूमची पायरी चढू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. 'असू दे, लागली तर' हे कुणाचंच नाव नव्हे.

हा प्रश्न अगदी आत्ताआत्ता आपल्या दारात आला आहे. दोन-तीन वर्षांपूर्वी सात जणांची इलेक्ट्रिक गाडी म्हटलं की ती परदेशी आणि भलत्याच किमतीची असायची. ऑक्टोबर २०२४मध्ये बीवायडीची ईमॅक्स ७ आली, पण तिचीही सुरुवात सत्तावीस लाखांच्या जवळ. मग जुलै २०२५मध्ये कियाची कॅरेन्स क्लॅव्हिस ईव्ही १७.९९ लाखांपासून आली आणि नोव्हेंबरमध्ये महिंद्राची एक्सईव्ही ९एस १९.९५ लाखांपासून. (या सगळ्या बाजारात येतानाच्या एक्स-शोरूम किमती.) कर्ज काढून का होईना, नोकरदार घर आता हा विचार करू शकतं. आणि विचार सुरू झाला की पहिली चूक होते ती पैशांच्या हिशोबात.

आपण धरून चालतो की दोन सीट जास्त म्हणजे पैसे जास्त. तसं राहिलेलं नाही. ह्युंडाईची पाच सीटची क्रेटा इलेक्ट्रिक जानेवारी २०२५मध्ये आली तीही १७.९९ लाखांपासूनच. तिच्या बॅटऱ्या ४२ आणि ५१.४ किलोवॉट-तासांच्या, आणि क्लॅव्हिसच्याही अगदी तेवढ्याच. महिंद्राचं तर उलटंच आहे: पाच सीटची एक्सईव्ही ९ई २१.९० लाखांपासून आली होती, सातची तिच्यापेक्षा खालून सुरू झाली. म्हणजे तिसरी रांग बिलात फारशी दिसत नाही. आणि बिलात दिसत नाही म्हणूनच लोक ती फुकट मिळाल्यासारखी उचलतात.

पण ती फुकट नाही. क्रेटा ४,३४० मिलिमीटर लांब आहे आणि क्लॅव्हिस ईव्ही ४,५५०. फरक जेमतेम वीतभर. वीतभर जास्त लांबीत आणखी दोन माणसं बसवायची, तर ती जागा कुठून तरी काढावी लागणार. ती निघते डिक्कीतून आणि मागच्या माणसांच्या गुडघ्यांतून. विकत घेताना या दोन्हींकडे कुणी बघत नाही, कारण शोरूममधल्या गाडीची मागची रांग दुमडून ठेवलेली असते. डिक्की उघडली की लांबरुंद मोकळं मैदान दिसतं आणि बाबा खूश होतात.

मग रेंजची भीती. सात माणसं बसली की बॅटरी धपकन उतरेल, असं सगळेच म्हणतात. जरा आकडे मांडून बघू. खोपोलीहून लोणावळ्याला जायचं म्हणजे सुमारे साडेपाचशे मीटर चढायचं. पासष्ट-पासष्ट किलोची दोन माणसं जास्त घेतली, तर तेवढं वजन तेवढं वर चढवायला पाव युनिटाच्या आसपास वीज लागते. आपल्या वीजबिलावर असतं तेच युनिट. घाट उतरताना त्यातली काही बॅटरीत परतही येते. सपाट हमरस्त्यावर एकसारख्या वेगाने गेलं, तर या दोन माणसांचा भार शंभर किलोमीटरमागे अर्धं युनिटही खात नाही. पन्नास युनिटांच्या बॅटरीपुढे हे काहीच नाही. तेव्हा काकूंच्या वजनावर घसरू नका.

बॅटरी खातो तो टपावरचा कॅरियर. तिन्ही रांगा माणसांनी भरल्या की डिक्कीत फार तर दोन-तीन छोट्या बॅगा राहतात. सात माणसांचं गणपतीचं सामान, म्हणजे कपडे, फराळाचे डबे, मखर, येताना नारळ आणि तांदूळ, हे सगळं टपावर चढतं. वर निळी ताडपत्री, तिला दोरी. ऐंशी-नव्वदच्या वेगाला गाडीची निम्म्याहून जास्त ताकद हवा कापण्यात जाते आणि आपण त्या हवेसमोर भिंत उभी करतो. रेंज इथे सहज दहा-पंधरा टक्क्यांनी खाली येते, वेग वाढवला तर आणखी. माणसांमुळे नव्हे, माणसांनी हटवलेल्या सामानामुळे. महिंद्राने ९एसच्या बॉनेटखाली १५० लिटरची जागा दिली आहे, ती या कामाला खरोखर उपयोगी पडते. पण सात जणांचं सामान तिच्यात मावत नाही, हे घेण्याआधीच कळलेलं बरं.

आता त्या मागच्या माणसाकडे येऊ, कारण मला खरा राग येतो तो त्याच्यासाठी.

इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी तळाशी सपाट पसरलेली असते. त्यामुळे पाय ठेवायची जागा वर येते. सीट मात्र त्याच मापाने वर नेता येत नाही, कारण डोक्यावर छप्पर आहे आणि ते मागे उतरत जातं. मग होतं काय, की मागे बसलेल्याचे गुडघे छातीकडे येतात, मांड्या सीटला टेकत नाहीत आणि सगळा भार माकडहाडावर पडतो. शहरात सिनेमाला जाताना वीस मिनिटं हे चालून जातं. मुंबईहून सावंतवाडीला जाताना नाही चालत. पेट्रोलच्या सात सीटच्या गाड्यांतही मागची रांग काही राजेशाही नव्हती, पण बॅटरीने तिची उंची आणखी खाल्ली आहे आणि ही गोष्ट पत्र्यावर हात फिरवून कळत नाही, बसूनच कळते.

आणि तिथे बसवतात कुणाला? घरात ज्याचं कमी चालतं त्याला. हे आपल्याकडे जुनं आहे. वडापच्या ट्रॅक्समध्ये आणि काळ्या-पिवळ्या जीपमध्ये मागच्या आडव्या बाकांवर बाया, पोरं आणि बोचकी. पुढे ड्रायव्हरच्या बाजूला पाहुणे आणि पुढारी. १९९४मध्ये टाटा सुमो आली तेव्हा घरोघरच्या लग्नाच्या वऱ्हाडात हीच मांडणी होती. वीस लाखांच्या गाडीतही ती जशीच्या तशी येते. पुढे दोघं कर्ते पुरुष, मधे सासूबाई आणि पाहुणे, मागे सून आणि तिच्या मांडीवर झोपलेलं मूल. किंवा मुलांना सांभाळायला सोबत घेतलेल्या मावशी. त्यांना तर 'पाय अवघडले का' असं विचारलंही जात नाही.

म्हणून म्हणतो, नाव घ्या. सून बसणार असेल तर तिला शोरूममध्ये न्या आणि तिला मागे बसवून तासाभराची टेस्ट ड्राइव्ह घ्या. मावशी बसणार असतील तर त्यांना न्या. ज्याला नेण्याची आपली तयारी नाही, त्याच्यासाठी आपण ती सीट घेत नाही. त्याला कोंबायची सोय विकत घेतो आहोत.

आजी-आजोबांसाठी तिसरी रांग हवी, असं म्हणणारी घरं पुष्कळ. त्यांच्यापैकी किती जणांनी आजींना त्या रांगेत चढताना पाहिलं आहे? मधली सीट पुढे ढकलायची, उरलेल्या फटीतून वाकून आत जायचं, साडी सांभाळायची, एक पाय आत घेऊन अंग वळवायचं. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या बाईला हे जमत नाही, आणि जमवायला लावू नये. मग आजी मधे आणि दोन मोठी माणसं मागे, असं होतं. मधे दोन वेगवेगळ्या सीट असलेली सहा जणांची रचना घेतली तर मधून वाट मिळते आणि चढणं पुष्कळ सोपं होतं. ईमॅक्स ७ तशी मिळते. एक माणूस कमी मावेल, पण सहा जण माणसासारखे बसतील. लहान बाळ असेल तर आणखी एक गोष्ट. बाळाची सीट मधल्या रांगेत एका बाजूला पक्की बसवली की त्या बाजूची सीट पुढे ढकलता येत नाही, मागे जायचा तो रस्ता बंद. दोन बाळं, दोन बाळांच्या सीट, तर सरळ डिक्कीतून चढायची वेळ येते. हे मला एकाही विक्रेत्याने आपणहून सांगितलेलं नाही.

मुलांना बसवू, हे त्यातल्या त्यात पटणारं उत्तर. आठ वर्षांचं पोर मागे उडी मारून बसतं, दोन्ही खिडक्या आपल्या म्हणून खूश होतं. पण गाडी एका वर्षासाठी घेत नाही. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला आठ वर्षांची हमी हा आता नेहमीचा पायंडा आहे, म्हणजे तेवढी तरी ती वापरायची म्हणूनच घ्यायची. आठ वर्षांचं पोर तेव्हा सोळाचं असेल, बापाच्या खांद्याच्या वर गेलेलं. अडुसष्टच्या आजी शहात्तरच्या असतील. मोठी मुलगी कदाचित शिकायला दुसऱ्या गावी. माणसं आजच्या तारखेला मोजू नका. कागद घ्या, घरातल्या प्रत्येकाचं वय लिहा आणि त्यात चार मिळवा, मग आठ मिळवा. बहुतेक घरांत मागे बसू शकणारी मुलं पाच वर्षांत संपतात आणि सीट तेवढी उरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, देशातलं सरासरी घर ४.४ माणसांचं निघालं. पाच सीटची गाडी ही कुणावर लादलेली काटकसर नाही, बहुतेकांच्या घराचं ते मापच आहे.

ज्यांचं माप वेगळं आहे, त्यांनी मात्र बिनधास्त सातची घ्यावी. सांगली-कोल्हापुरात दोन भाऊ, दोन जावा, चार मुलं आणि वर आई-वडील असं एका वाड्यात नांदणारं घर आजही आहे. तिथे गाडी रोज शाळेत चार मुलं सोडते. तिसरी रांग तिथे रोज वापरात असते आणि त्यात सहा ते बारा वयाची मुलं आरामात मावतात. जास्त फिरणाऱ्या गाडीलाच विजेवरचं चालणं परवडतं, तेव्हा हे घर तर इलेक्ट्रिक गाडीचं खरं गिऱ्हाईक आहे.

आणि आणखी एक प्रकारचं घर. पाचच सीटच्या गाडीत सात जण बसवणारं. पुढे बापाच्या शेजारी आईच्या मांडीवर धाकटं, मागे चौघं दाटीवाटीने, त्यातलं एक पोर दोन सीटच्या मधे उभं. दर रविवारी कुठल्याही टोलनाक्यावर उभं राहा, अशा गाड्या दिसतील. या घरांनी माझं वरचं सगळं विसरावं आणि सात सीटची घ्यावी. कुठलीही सात सीटची. पन्नासच्या वेगाने जाणारी गाडी आदळली तर वीस किलोचं मूल कुठल्याही आईला हातात धरून ठेवता येत नाही, तिच्यात कितीही बळ असो. चौदा वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा बाळाच्या सीटने बांधलेलं नसेल, तर मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनंतर हजार रुपयांचा दंड आहे. दंडाची भीती कुणी बाळगत नाही, ते ठाऊक आहे. मला भीती वाटते ती त्या मधे उभ्या असलेल्या पोराची, कारण त्याच्यासमोर फक्त काच असते. तिसऱ्या रांगेत गुडघे वर येतात खरे, पण तिथे त्याच्या हक्काचा बेल्ट असतो.

पण बेल्ट असणं वेगळं आणि लावणं वेगळं. सप्टेंबर २०२२मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते, बेल्ट लावलेला नव्हता. त्या आठवड्यात सगळा महाराष्ट्र मागच्या बेल्टबद्दल बोलत होता. आज सात सीटच्या गाडीत तिसऱ्या रांगेचे बेल्ट बघा: सीटच्या फटीत गेलेले, बिस्किटांच्या चुऱ्यात पडलेले.

आता उरले मधले लोक, आणि तेच जास्त आहेत. घरात चौघं, आणि वर्षातून चार-पाच वेळा सात. गणपती, दिवाळी, एखादं लग्न, मे महिन्यात आलेली बहीण आणि तिची मुलं, जेजुरी किंवा तुळजापूर. या चार-पाच वेळांसाठी वर्षभर लांब गाडी हाकायची, सोसायटीच्या खांबांमधून ती रोज मागे-पुढे करून काढायची आणि रोजच्या भाजीसाठी दुमडलेली रांग वाहायची, हे मला पटत नाही. त्या वेळी इनोव्हा भाड्याने घ्या, ड्रायव्हरसकट. घाटात झोपही काढता येईल. किंवा दोन गाड्या न्या. महाराष्ट्राच्या २०२५च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक मोटारींना टोल माफ केला आहे, तेव्हा भावाचीही विजेवरची असेल तर दुसऱ्या गाडीचा टोलही अंगावर येत नाही. चार्जरपाशी दोन गाड्यांना थांबावं लागेल, हे खरं. पण सात माणसं घेऊन निघालेली गाडी तशीही दर दोन तासांनी थांबते. कुणाला चहा हवा असतो, कुणाला बाथरूम, आणि लहानाला नेमकं दोघांच्या नंतर.

तरीही सातच घ्यायची ठरली, तर विजेच्या गाडीची एक चांगली बाजू मागच्यांना नक्की द्या. निघायच्या आधी दहा मिनिटं, बंद पार्किंगमध्येही धूर न सोडता, एसी लावून ठेवता येतो. पेट्रोलच्या गाडीत मागे थंडावा पोचेपर्यंत खोपोली यायची. इथे सगळ्यात मागचं पोरही गार सीटवर बसतं. वाईट बाजूही सांगतो. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की ही गाडी स्वतःच वेग कमी करते आणि त्यातून वीज परत मिळवते. चालवणाऱ्याला ते आवडतं. मागच्या चाकांवर बसलेल्याला दर वळणावर हिसका बसतो आणि आंबोलीच्या अर्ध्या घाटात गाडी लागते. ही पातळी बहुतेक गाड्यांत कमी करता येते. मागे कुणी असेल तेव्हा ती सगळ्यात खाली आणा, परत मिळणारी थोडी वीज सोडून द्या. आणि पुण्या-मुंबईत ज्यांची गाडी यांत्रिक पार्किंगच्या पत्र्यावर चढते, त्यांनी त्या पत्र्याला किती लांबी आणि किती वजन चालतं ते आधी सोसायटीकडून लेखी घ्यावं. विजेच्या गाड्या वजनदार असतात. बुकिंगनंतर हे विचारून उपयोग नाही.

परदेशातल्या मराठी घरांचं गणित जरा निराळं आहे, तेही सांगायला हवं. न्यू जर्सीत किंवा डॅलसमध्ये दोन मुलांचं घर असतं आणि इथून आई-बाबा जातात ते काही महिन्यांसाठी. एवढे दिवस सहा माणसं, प्रत्येक मुलाला कायद्याने वेगळी सीट, भाड्याची गाडी ड्रायव्हरसकट सहज मिळत नाही. तिथे तिसरी रांग चैन नाही. फक्त त्या घरांनाही माझा तोच प्रश्न आहे: सत्तरीच्या बाबांना मागे पाठवणार की स्वतः बसणार? स्वतः बसायची तयारी असेल तर जरूर घ्या.

कंपन्यांकडेही माझं एक मागणं आहे. आज भारत एनकॅप या सुरक्षा-चाचणीचे तारे मिळतात ते समोरून आणि बाजूने धडक देऊन पाहिल्यावर. मागून धडक देऊन पाहत नाहीत, आणि तिसऱ्या रांगेतल्या माणसाच्या पाठीमागे असतो फक्त डिक्कीचा दरवाजा. पाच ताऱ्यांची जाहिरात सात माणसांसाठी करायची असेल, तर सातव्या माणसाचं काय होतं ते दाखवा. पडद्यासारखी एअरबॅग तिसऱ्या खिडकीपर्यंत पोचते की नाही, ते ठळक छापा. डिक्कीचा आकडा तिन्ही रांगा उभ्या ठेवून द्या. मागच्या सीटची उंची जमिनीपासून नको, पाय ठेवायच्या जागेपासून मोजून सांगा.

तोवर मोजपट्टी घरून न्या. शोरूममध्ये तिन्ही रांगा उभ्या करायला सांगा, मागे बसणाऱ्याला बसवा, आपली नेहमीची मोठी बॅग डिक्कीत घालून दरवाजा लावून बघा. विक्रेता कुरकुर करू लागला तर दुसऱ्या शोरूममध्ये जा.